तासावरचं काम आणि आपण: परदेशात शिकणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही

कृष्णाकाठ

दर वर्षी उन्हाळा सरला की परदेशी निघालेल्या मुलांचे प्रश्न सुरू होतात. एपीएसचं (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीसाठी तपासल्याचं) प्रमाणपत्र कधी हातात पडेल, ब्लॉक्ड अकाउंट कुठे काढू, जर्मनीतलं आखेन बरं की ड्रेस्डेन, कुकर न्यावा का. याची उत्तरं आता कुठेही मिळतात. पण माझ्या मते ज्या गोष्टीनं माणूस सगळ्यात जास्त बदलतो, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. घरचे तर तो विषय नातेवाइकांसमोर काढतही नाहीत. ती गोष्ट म्हणजे शिकता शिकता खर्चासाठी केलेलं तासावरचं काम. हा धागा त्यासाठी.

मी मूळची सांगलीची. पुण्यात मेकॅनिकल करून आखेनला मास्टर्सला आले, आता त्याच भागात नोकरी करते.

आधी पैशांचं बोलू, कारण सगळं तिथून सुरू होतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही अलीकडे फी सुरू केली आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो बंद खात्यात, म्हणजे त्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, ठेवावे लागतात (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा), आणि त्यातून दरमहा 992 युरो हातात येतात. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, खाणं, फोन आणि सत्राची वर्गणी. भागतं, पण हे पैसे एकाच वर्षाचे. दुसऱ्या वर्षाची तजवीज पहिल्याच वर्षी करावी लागते, आणि पाठीमागे शैक्षणिक कर्जाचं व्याज चालूच असतं. म्हणून बहुतेक जण काम करतात. हौस म्हणून करणारे मला तरी फार भेटले नाहीत.

मार्च 2024 पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं साहाय्यकाचं काम, ज्याला सगळे ‘हिवी’ म्हणतात, त्यात मोजत नाहीत. तासिका चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा पाळायची. किमान वेतन कायद्यानं ठरलेलं आहे, 2025 मध्ये तासाला 12.82 युरो होतं.

माझं पहिलं काम बेकरीत. शिफ्ट पहाटे पाचला. कच्चे पाव भट्टीत सरकवायचे, कॉफीचं यंत्र उघडून धुवायचं, गिऱ्हाईक बघायचं, शेवटी फरशी पुसायची. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात शिकलेलं जर्मन बरं होतं, पण सकाळी सहाला घाईत असलेला माणूस पुस्तकातलं जर्मन बोलत नाही. ते महिनाभरात जमलं. जे जमायला वेळ लागला ते वेगळंच होतं.

तिथे पन्नाशीच्या एक बाई होत्या. आयुष्यभर पाव विकलेल्या. शिफ्टला कधी एक मिनिट उशीर नाही आणि संपल्यावर एक मिनिट जास्त नाही. एकदा एक गिऱ्हाईक माझ्यावर खेकसलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “या मुलीशी नीट बोला, नाहीतर पुढच्या दुकानात पाव मिळतात.” मालकाला हे नंतर कळलं, आणि त्यानं बाईंचीच बाजू घेतली. दुकानात काम करणारी बाई गिऱ्हाइकानं कसं बोलायचं ते ठरवते, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. स्वच्छतागृह पाळीनं सगळेच साफ करायचो, शाखा सांभाळणाऱ्या बाईसुद्धा. त्यांची पाळी आली म्हणून कुणाला अवघडल्यासारखं होत नसे.

पुढे एका गोदामात काम धरलं. तिथे मला ठामपणे सांगितलं गेलं की विद्यार्थ्यांना पगारी रजा नसते. माझ्याबरोबरच्या सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. विद्यार्थी संघटनेच्या कार्यालयात, म्हणजे आस्टात, फुकट सल्ला मिळतो. तिथल्या मुलीनं कायदाच दाखवला. जर्मनीत वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा 1963 च्या कायद्यानं आहे, आणि अर्धवेळ काम करणाऱ्यालाही ती त्याच्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात मिळते. आजारी पडलात तर कामाला लागून चार आठवडे झाल्यावर सहा आठवड्यांपर्यंतचा पगार मालकानं द्यायचा असतो. मी पत्र लिहिलं. आवाज चढवला नाही, रडले नाही, ओळखीचं कुणी शोधलं नाही. कलम लिहिलं, तारीख घातली, प्रत ठेवली. रजा मिळाली, आणि ती नुसती मला नाही, सगळ्यांना मिळाली.

त्या पत्रानं मला जे दिलं ते पदवीनं दिलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे हक्काची गोष्ट मागायची तरी विनंती करावी लागते, नाहीतर भांडावं लागतं. तिसरा मार्ग असतो आणि तो माझ्यासारख्या साध्या मुलीला वापरता येतो, हे मला तेव्हा समजलं.

याचा शेवट सांगलीत झाला. सुट्टीला घरी गेले तेव्हा आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींच्या खाड्यांचा विषय निघाला. आई कॅलेंडरवर खाडे लिहून ठेवते आणि महिनाअखेरीस कापते, आजूबाजूला सगळ्याच घरांत ही पद्धत आहे. मी म्हटलं, महिन्याला चार सुट्ट्या पगारी देऊ, आजारपणाचा खाडा धरायचा नाही, आणि हे त्यांना आधीच सांगून ठेवायचं. आई म्हणाली, मग त्या रोजच आजारी पडतील. दोन दिवस घरात वाद झाला. शेवटी बाबा म्हणाले, “मला बँकेत पगारी रजा होती की. मी कुठे रोज आजारी पडलो?” तेव्हापासून ते चालू आहे. मावशी पूर्वीइतक्याच येतात. शेजारच्या दोघींना मात्र ते अजून आवडलेलं नाही.

इतरांनी काय काय कामं केली आणि तुमच्यात काय बदललं, ते लिहा. वाईट अनुभवही लिहा.

रानवारा

+१. खूप दिवसांनी या विषयावर खरं काहीतरी वाचलं. मी माग्डेबुर्गला होतो.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगायची आहे, नाहीतर नवीन मुलं हा धागा वाचून चुकीच्या दिशेनं जातील. कामाचं कौतुक करताना परीक्षेचं विसरू नका. इथे बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात की नाव काढलं जातं, आणि तोच अभ्यासक्रम मग जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. आपल्याकडे एटीकेटी लागली तरी गाडी पुढे जाते, त्या सवयीनं मुलं पहिली संधी सहज वाया घालवतात. माझ्या खोलीशेजारचा मुलगा गोदामात रात्रपाळी करायचा, कारण रात्रीचा भत्ता जास्त. सकाळी आठच्या तासाला तो शरीरानं हजर असायचा, एवढंच. तिसऱ्या संधीत अडकला आणि परत गेला. हुशारीत तो आमच्यापेक्षा काकणभर सरसच होता.

इथे कुणी विचारत नाही. वर्गात आला नाहीत तर फोन येत नाही, परीक्षेला नाव नोंदवलं नाहीत तर कुणी आठवण करत नाही. स्वतःवर स्वतः लक्ष ठेवायची ही सवय मला पंचविसाव्या वर्षी लागली आणि ती लागताना फार त्रास झाला. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तो. शक्य असेल त्यांनी हिवीच्या कामासाठी प्रयत्न करावा. पैसे थोडे कमी मिळतात, पण प्रयोगशाळेत राहता, प्राध्यापक ओळखू लागतात, आणि पुढे थीसिस तिथूनच मिळतो.

नाशिकची_आई

मी इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. माझा मुलगा गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीत आहे. तो गोदामात खोकी उचलतो हे मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं, त्यानं स्वतः सांगितलं नाही. मला काम करण्याचं वाईट वाटत नाही, पण त्यानं लपवलं याचं वाटतं. त्याचे बाबा म्हणतात, विचारू नकोस, सांगायचं तेव्हा सांगेल. पूर्वी रोज फोन असायचा, आता रविवारीच येतो आणि तोही दहा मिनिटं. आवाज थकलेला वाटतो. तो बदलतोय हे कळतंय, पण चांगल्यासाठी की वाईटासाठी हे इतक्या लांबून कसं ओळखायचं?

कृष्णाकाठ

काकू, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

लपवण्यामागे बहुतेक वेळा लाज नसते, तुम्हाला वाईट वाटेल ही भीती असते. मीही पहाटेच्या शिफ्टचं बरेच महिने घरी सांगितलं नव्हतं. तुम्ही रविवारी फोनवर “तू गोदामात काम करतोस का?” असं विचारू नका, ते उलटतपासणीसारखं वाटतं. “तुझ्या कामाच्या ठिकाणी कोण कोण असतं रे, जेवायला सुट्टी कधी मिळते?” असं विचारा. काम तुम्हाला मान्य आहे हे त्याला त्यातूनच कळेल, आणि मग तो भरभरून बोलेल. ही माणसं, त्यांचे स्वभाव, तिथल्या गमती सांगायला त्याच्याकडे कुणी नसणार.

आणि फोन रविवारी येतो त्याचं एक साधं कारण आहे. रविवारी इथे दुकानं बंद असतात, शांतता असते. आठवड्याचं धुणं, स्वयंपाक, घरचा फोन, सगळं त्याच दिवशी.

काळजी करण्यासारखं काय ते मात्र सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे फार कठीण जातं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार होतो. त्या दिवसांत तो जेवणाबद्दल काहीच सांगेनासा झाला, मित्रांची नावं बोलण्यात येईनाशी झाली, फोन दोन-तीन रविवार चुकला, तर जरूर खोदून विचारा. विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या श्टुडिरेंडेनवेर्कमध्ये मानसिक समुपदेशन मिळतं, बहुतेक ठिकाणी फुकट आणि इंग्रजीतही. मी गेले होते. तिथे जाणं हे दात दुखला म्हणून डॉक्टरकडे जाण्याइतकंच साधं आहे, हे त्याला तुमच्या तोंडून कळलं तर फार उपयोग होईल.

मोर्णाकाठचा

मी अकोल्याचा, मेलबर्नला नर्सिंग शिकतो आहे. इकडचे नियम वेगळे. जुलै 2023 पासून सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तास, सुट्टीत मर्यादा नाही. तासावारी कामाला रजा नसते म्हणून त्याबदल्यात 25 टक्के जास्त दर मिळतो. पण रोख पैसे देऊन कमी दरात राबवून घेणारे भरपूर, आणि सांगायला दुःख होतं की त्यात आपलेच लोक कमी नाहीत. “अरे आपला माणूस आहेस” म्हणत दर पाडतात. नवीन मुलांनो, फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते, विद्यार्थी असलात तरी.

मी वृद्धाश्रमात काम करतो. लोकांना आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, रात्री कूस बदलून देणं. पहिल्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. आपल्या घरात आजोबांचं हे सगळं आई आणि काकू करायच्या. आम्ही पोरं आबांच्या पाया पडायचो न् खेळायला पळायचो. आबा शेवटचे काही महिने अंथरुणावर होते तेव्हा मी बारावीला होतो, खोलीच्या दारात उभा राहून विचारपूस करायचो. आता इथे एका नव्वदीच्या गृहस्थांची दाढी करताना मला कळतं की गालाची सैल कातडी दोन बोटांनी ताणून धरावी लागते, नाहीतर कापतं. हे आईला कसं कळलं असेल? तिला तर कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या वेळी घरी गेलो तेव्हा आजीचे पाय मी धुतले, नखं कापली. काकू दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “तुले येते का बे हे?” म्हटलं, येते. रात्री आईला विचारलं, आबांच्या वेळी तुला किती झोप मिळायची? असं आमच्या घरात याआधी कुणीच तिला विचारलेलं नव्हतं. ती बराच वेळ बोलत होती.

मला कुणी विचारलं की परदेशात काय शिकलास, तर मी हे सांगतो. लोकांना वेगळं उत्तर हवं असतं, पण माझं खरं उत्तर हेच आहे.

माणदेशी

ताई, तुमचा लेख प्रामाणिक आहे म्हणून मीही प्रामाणिकपणे लिहितो. श्रमाला प्रतिष्ठा असते हे कळायला जर्मनीला जावं लागतं ते ज्यांच्या घरात दुसरं कुणीतरी श्रम करत असतं त्यांना. माझी आई रोजगार हमीच्या कामावर जायची. मी सातवीपासून सुट्टीत मजुरीला जात होतो. साताऱ्यात रयतच्या वसतिगृहात राहिलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये संस्था काढली ती अशाच पोरांसाठी, जी राबल्याशिवाय शिकू शकली नसती. पुढे पुणे विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजनेत काम केलं. झाडांना पाणी घालून, ग्रंथालयात पुस्तकं लावून आम्ही पदव्या घेतल्या. त्यामुळे फरशी पुसण्यात मला काही शोध लागला नाही.

मी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इकडे आलो. मला जे नवीन मिळालं ते सांगतो. मी नाव सांगितलं की समोरचा माणूस आडनाव विचारतो, आडनाव सांगितलं की गाव विचारतो, आणि मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी हिशेब चालतो. हे मी लहानपणापासून बघत आलोय. इथे प्रयोगशाळेत, खानावळीत, घर शोधताना तो हिशेब कुणीच केला नाही. म्हणजे इथे भेदभाव नाही असं नाही. घर शोधताना परकं नाव बघून उत्तर येत नाही, हे मी भोगलंय. पण तो भेदभाव मला नवीन होता, त्यानं माझ्या पाठीत वाक आला नाही. मग एका दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्याच माणसांत जेवायला बसलो आणि पहिला प्रश्न आला, “आडनाव काय? म्हणजे नेमके कुठले?”

पूर्वी मी अशा वेळी आवाज खाली घ्यायचो किंवा विषय बदलायचो. त्या दिवशी मी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, शिष्यवृत्ती कुठली तेही सांगितलं, आणि वर विचारलं, “आणखी काही सांगू?” टेबलावर शांतता झाली. मी पुरणपोळी वाढून घेतली. बदल विचारलात ना, तर तो हा.

कृष्णाकाठ

माणदेशी दादा, तुमचा प्रतिसाद मी कितीदा तरी वाचला. तुम्ही म्हणता ते खरं आहे. घरात दुसरं कुणीतरी राबत असतं त्यांनाच फरशी पुसण्यात काही सापडतं.

माझ्या लेखातलं मला महत्त्वाचं वाटतं ते मी वेगळं काढून सांगते. राबणं तुमच्या आईंनी माझ्यापेक्षा शंभरपट केलं असणार. पण त्यांच्या हातात लिहिलेला करार होता का, आजारी पडल्यावर त्यांचा रोज बुडत नव्हता का? महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा 1977 चा, म्हणजे काम मागण्याचा हक्क आपल्याकडे कायद्यात फार आधी आला. पण आपल्या घरात येणाऱ्या मावशींना रजा द्यायची की नाही, हे आजही माझ्या आईच्या कॅलेंडरवर ठरतं. काम हलकं नाही हे कळणं आणि काम करणाऱ्याचे हक्क हे उपकार नाहीत हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दुसरी इथे कळली, कारण इथे मी पहिल्यांदा कॅलेंडरच्या त्या बाजूला होते.

आडनावाबद्दल तुम्ही लिहिलंत ते इथल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात वाचून दाखवावं असं आहे.

जुनाजाणता

माणदेशी यांच्या प्रतिसादावरून लिहावंसं वाटलं. बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे मिळालेल्या मोकळ्या वागणुकीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, आणि परत आल्यावर बडोद्यात नोकरीसाठी गेले तेव्हा राहायला जागा मिळेना. परदेशानं माणसाला ताठ उभं केलं आणि स्वदेशात त्याला पुन्हा वाकायला सांगितलं गेलं, हा आपल्या इतिहासातला फार मोठा प्रसंग आहे. आडनावाचा प्रश्न दिवाळीच्या फराळापर्यंत पोचतो, तो शंभर वर्षांहून जुना आहे.

दुसरं उदाहरण मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला संशोधनाला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, म्हणजे पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्यांनी आधार पुरवला ते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा असं मार्गदर्शकांचं अनुमान. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच मताविरुद्ध! विशी-पंचविशीतली मराठी मुलगी! वैयक्तिक विकास हा शब्द आता फार स्वस्त झाला आहे, पण मला तो उच्चारावासा वाटतो तो अशा ठिकाणी.

हवा_तेज

मी परत आलो त्यांच्यापैकी. पदवीनंतर जर्मनीत नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, त्यात माझं काम झालं नाही. गाड्यांच्या उद्योगात भरती थंडावली होती, आणि माझं जर्मन बी-वन या मधल्या पातळीच्या पुढे गेलं नव्हतं. शेकड्यानं नकार आले. घरी येताना विमानतळावर कोण न्यायला येणार, काय विचारणार, याचीच धास्ती होती.

आता शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे. विद्यार्थी असताना मी ज्या कारखान्यात काम केलं तिथे शिफ्टच्या आधी पाच मिनिटं सुरक्षेबद्दल बोलायचे, आणि नवख्या विद्यार्थ्यालाही यंत्र थांबवायचा अधिकार होता. थांबवल्याबद्दल कुणी ओरडत नसे, का थांबवलं एवढं विचारत. मी इथे तेच सुरू केलं. सुरुवातीला कामगार माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. सायबाला विचारल्याशिवाय भट्टीजवळचं काम थांबवायचं ही कल्पनाच त्यांना पटेना. मग एका हेल्परनं साखळीचा हूक झिजलेला बघून क्रेन थांबवली. मालकांनी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन आभार मानले. त्यानंतर बोलायला लागले सगळे.

ज्यांना तिकडे नोकरी मिळत नाही त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. तिकडे राहिलात तरच ती वर्षं सार्थकी लागली, असं कुणी म्हणू दे. माझी लागली आहेत, आणि ती कोल्हापुरात लागली आहेत.

नाशिकची_आई

कृष्णाकाठ, तुम्ही सांगितलं तसं विचारलं. पाऊण तास बोलला. त्याच्याबरोबर एक सीरियाचे गृहस्थ काम करतात, तिकडे ते शाळेत गणित शिकवायचे. ते याला जेवणाच्या सुट्टीत स्टॅटिस्टिक्स समजावून सांगतात म्हणे. मला हे सगळं माहीतच नव्हतं. त्यांच्यासाठी काय पाठवू विचारलं तर म्हणाला, चकली पाठव, त्यांना तिखट चालतं.

पहिलीच_वेळ

धागा वाचतेय, सगळ्यांचे आभार. मी लातूरची, येत्या विंटर सेमिस्टरला जायचं नक्की झालंय. अजून चार महिने हातात आहेत. जाण्याआधी नक्की काय शिकून घेऊ? सगळे कोडिंगचे कोर्स सांगतात.

कृष्णाकाठ

भाषा. इंग्रजीतून अभ्यासक्रम असला तरी भाषा. रोज दोन तास दे, चार महिन्यांत ए-टू या प्राथमिक पातळीपर्यंत पोचशील, आणि मग इथे आल्यावर कामाच्या ठिकाणी जीभ मोकळी होईल. कोडिंग इथेही शिकता येतं. पण पहिल्या कामाच्या मुलाखतीत तुला चार वाक्यं बोलता आली तर गोदामाऐवजी दुकानात किंवा बेकरीत काम मिळतं, आणि माणसांशी बोलायचं काम मिळणं फार मोलाचं आहे.

रोजचा स्वयंपाक शीक, सणाचा नको. वरण, भात, उसळ, पोळी नाही जमली तरी चालेल. कामाचा करार सहीआधी पूर्ण वाचायचा, न कळलेला शब्द विचारायचा, आणि प्रत मागायची. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला तपासायची. विमा आणि शहरातली नोंदणी पहिल्या दोन आठवड्यांत उरकून टाक, त्याशिवाय बाकीची कामं अडतात.

रानवारांनी परीक्षेबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाच. पहिल्या सत्रात शक्य असेल तर काम धरूच नकोस.

आणि एक. घरी आधीच सांगून ठेव की तू तिकडे काम करणार आहेस, कोणतंही असू शकतं. निघायच्या आधी जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर सांग. लातूर सोडायच्या आधी ते बोलून झालं की पुढची दोन-तीन वर्षं फोनवर काही लपवावं लागत नाही.

पहिलीच_वेळ

आज रात्रीच सांगते. बाबा काय म्हणतात ते इथे लिहीन.